परत आलेल्यांचा डबा

आबांना कुठलीही वस्तू विकत घ्यायची असली की ते आधी ती दुरुस्त करणाऱ्याकडे जात. कूलर घ्यायचा तर मोटारींना नवी तार भरणाऱ्याच्या दुकानात बाकावर बसून राहत आणि कुठल्या कंपनीच्या जळालेल्या मोटारी पडल्या आहेत ते बघत. मिक्सर घेताना तेच, अक्कांचं शिलाई मशीन घेताना तेच. "चांगलं काय ते विकणारा सांगतोच," ते म्हणत, "त्याचं तोंड त्यासाठीच दिलंय देवाने. परत काय आलं ते विचारा."

मला खोली भाड्याने देतानाही त्यांनी माझी नोकरी, गाव, लग्न यांतलं काही विचारलं नाही. आधीच्या घरमालकाचा नंबर मागितला आणि माझ्यासमोरच फोन लावला. "हे सर तुमच्याकडून का जाऊन राहिले?" पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं झालं. आबांनी हूं हूं केलं, फोन ठेवला आणि किल्ली माझ्या हातात दिली. तो माणूस काय म्हणाला असेल, याचा विचार मी पुढे तिथे राहिलो तितकी वर्षं अधूनमधून करत असे.

मी तेव्हा शिरपूरला एका कॉलेजात शिकवत होतो. खाली रस्त्याला आबांचा फोटो स्टुडिओ, त्याच्या मागे आबा आणि त्यांच्या पत्नी अक्का यांचं घर, वर माझी खोली. खोलीला लाकडी माळा आणि माळ्याच्या डोक्यावर पत्रा. शिरपूरच्या चैत्र-वैशाखात पत्र्याखाली राहणं म्हणजे काय, हे शिरपूरच्या बाहेर कुणाला सांगून उपयोग नाही. दुपारी मी खाली स्टुडिओत कूलरसमोर जाऊन बसायचो. आबांना मी जवळून पाहिले ते त्या कूलरमुळे.

आबा लग्नांचे फोटो काढत, पण नवरा-नवरीत त्यांना फारसा रस नव्हता. अक्षता पडल्या, हार घातले, दोन्हीकडचे मामा उभे करून झाले की ते कॅमेरा घेऊन पंगतीत शिरत. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी वाढली जात असताना एकेका पानासमोर वाकायचे आणि म्हणायचे, "मुंडी वर!" माणूस घास तोंडात धरून दचकून वर बघे, तेवढ्यात फोटो निघालेला असे. हे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाले. नंतर वरपक्षाची माणसं भांडायला येत. नवरदेवाचे मोजके फोटो, आणि कुणाचे कोण चुलते बट्टी कुस्करतानाचे ढीगभर! आबा शांतपणे म्हणत, "तुम्हाला अल्बम दिला ना? पंगत माझी आहे. तिचे पैसे मागितलेत का मी?"

त्या पंगतीतले फोटो ते कधीच पुसत नसत. कारण साऱ्या तालुक्याला माहीत होतं. आमच्याकडे माणूस गेला की सुतकाचे दिवस पूर्ण होताना गंधमुक्ती होते, आणि गंधमुक्तीला पाटावर फोटो लागतो. आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये नातवंडांचे, बैलांचे, पिकाचे हजारो फोटो असतात. पण घरातल्या म्हाताऱ्याचा एकट्याचा, समोरून काढलेला फोटो निघत नाही. आधार कार्डावरचा काढावा तर त्यात तो माणूस स्वतःलाच ओळखू आला नसता. मग घरचे लोक आबांकडे येत. कुठल्या गावाला, कुणाच्या लग्नात जेवायला बसले होते एवढं सांगितलं की आबा पंगत शोधून काढत, माणूस कापून वेगळा करत, मागे निळा पडदा टाकत आणि चौकट करून देत.

याचा एक परिणाम असा झाला की म्हातारी माणसं त्यांच्या कॅमेऱ्याला टरकून असत. आबांनी फोटो काढला म्हणजे आपला नंबर लागला, असा समज होता. एक दणकट म्हातारा तर आबा मांडवात दिसले की उपरणं तोंडावर ओढून जेवायचा. उपरण्याखालून घास कसा जातो हे पाहायला पोरं जमत. आबांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. ते त्याच्यासमोर उभे राहत, थोडा वेळ वाट बघत आणि पुढच्या पानाकडे सरकत.

हे सगळं कशापायी, असं मी एकदा विचारलं. कूलरमध्ये पाणी ओतता ओतता ते म्हणाले, "माझी माय गेली तेव्हा तिचा फोटो नव्हता. गंधमुक्तीला चौकटीत देवीचा फोटो लावला. लोक देवीला नमस्कार करून गेले." मग बादली खाली ठेवून म्हणाले, "तिचं तोंड आता मला आठवत नाही. आठवायला गेलं की देवीच येते." आणि रिकामी बादली उचलून आत गेले.

तर अशा माणसाचा कॉम्प्युटर एके दिवशी टकटक वाजू लागला. आतली हार्ड डिस्क म्हातारी झाली होती. साऱ्या पंगती तिच्यावर. आबा कान लावून ऐकत आणि म्हणत, "खोकून राहिली." मी त्यांना सांगितलं की आता एसएसडी मिळते, आत फिरणारं काही नसतं, मोबाइलच्या मेमरी कार्डाची ती मोठी बहीण म्हणायची, ती घ्या, स्वस्तातही मिळते. माझ्या दृष्टीने विषय संपला होता. आबांच्या दृष्टीने सुरू झाला.

आधी ते धुळ्याला दोनदा जाऊन आले. तिथल्या दुकानदारांनी त्यांना वेगाचे आकडे सांगितले. आबांना वेग नको होता. "मेलेल्या माणसाला कसली घाई?" असं त्यांनी एका दुकानात विचारलं म्हणतात. मग एका ओळखीच्याने मोबाइलवरून मागवायला सांगितलं. नाव कधी न ऐकलेलं, जागा अवाढव्य आणि किंमत लसणाच्या चटणीच्या पुडीएवढी. आबांनी ते चित्र मोठं करून पाहिलं आणि म्हणाले, "ही परत द्यायला कुठे जायचं?" पत्त्याच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं होती. तो बेत तिथेच बारगळला.

शेवटी एका रविवारी मला बरोबर घेऊन ते जळगावला गेले. मार्केटच्या वरच्या मजल्यावर एका सेठचं दुकान होतं. सेठची आजोबांपासूनची माणसं राजस्थानातून इकडे आलेली. आधी कापडात, मग रेडिओत, आता कॉम्प्युटरमध्ये. सेठने चार-पाच डब्या काउंटरवर मांडल्या. आबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"परत आलेल्यांचा डबा दाखवा," ते म्हणाले.

"कसला डबा, आबा?"

"बंद पडल्या म्हणून गिऱ्हाइकांनी परत आणल्या असतील ना? त्या कुठे ठेवता?"

सेठच्या कपाळाला आठी पडली. मी उगाच भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. पण आबा स्टूल ओढून बसलेच, आणि बसलेले आबा उठवणं सोपं नव्हतं. थोड्या वेळाने सेठने काउंटरखालून पुठ्ठ्याचं एक खोकं काढलं. त्यात वॉरंटीत बदलून आणायला पाठवायच्या मेलेल्या एसएसडी होत्या. आबांनी खोकं काउंटरवर पालथं केलं आणि शेंगा निवडाव्यात तसे कंपनीवार ढीग लावायला घेतले. गिऱ्हाइकं येत, बघत, आणि मागच्या मागे जात. सेठ कपाळावर हात मारून बघत राहिला.

ढीग लावून झाले. सगळ्यांत लहान ढिगावर बोट ठेवून आबा म्हणाले, "ही द्या. ही कमी मरते."

सेठला बहुधा त्या दिवसभरात पहिल्यांदाच हसू आलं. "आबा, हिचे दोनच नग आलेत, कारण मी दोनच विकले होते. दोन्ही इथे आहेत." मग त्याने मोठ्या ढिगावर हात ठेवला. "ही दिसताना जास्त दिसतेय. पण अर्ध्या जळगावच्या मशिनांत हीच बसलेली आहे."

आबांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला आणि ढिगांकडे पाहत राहिले. जन्मभर सगळ्यांना दिलेला सल्ला माणसाने आपल्याच डोळ्यांनी उताणा पडलेला पाहावा, ही काही लहान गोष्ट नाही. "म्हणजे परत किती आल्या ते विचारायचं," ते सावकाश म्हणाले, "अन् गेल्या किती, तेही विचारायचं." आबांनी असाच पारखून आणलेला घरचा कूलर पहिल्याच उन्हाळ्यात का बंद पडला होता, ते मला त्या क्षणी कळलं. अक्कांना हे सांगायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं.

त्यानंतर मात्र त्या दोघांचं छान जमलं. सेठने दुपारचा डबा आबांबरोबर खाल्ला. आतली चिप स्वतः बनवणारी कंपनी घ्या, तो म्हणाला. वॉरंटीची वर्षं जास्त असलेली घ्या, वेगासाठी जास्तीचा रुपया देऊ नका, तुमच्या जुन्या मशीनला त्याचा उपयोग नाही. आणि एक मोठी घेण्यापेक्षा लहान दोन घेऊन दोन्हींत सगळं भरा. आबांना हे पटलं. निघताना त्यांनी वॉरंटीचा कागद उलटसुलट करून पाहिला.

"बंद पडली तर काय देणार?"

"नवी डबी."

"अन् आतली माणसं?"

सेठने कागदाची घडी करून त्यांच्या हातात दिली. "ती तुमची, आबा. त्यांची वॉरंटी कोणतीच कंपनी देत नाही."

शिरपूरला परतल्यावर आबांनी साऱ्या पंगती दोन्हींत भरून घेतल्या. जुनी हार्ड डिस्क पुढच्या महिन्यात खोकत खोकतच गेली. आबांना तिचं वाईट वाटलं, पण काळजी उरली नव्हती. कॉम्प्युटरमध्ये रोजच्यासाठी दुसरी साधी डिस्क बसवली; नव्या एसएसडी त्यांनी त्यात ठेवल्या नाहीत. रोजच्या कामात व्हायरस येतो, लाइट खालीवर होते, आणि स्टुडिओत कूलरचा ओलावा. त्यांनी अक्कांकडून झाकणाचा एक स्टीलचा डबा मागून घेतला. दोन्ही एसएसडी धुतलेल्या मांजरपाटाच्या कापडात गुंडाळल्या, तळाशी आणि वर वाळलेला कडुनिंबाचा पाला घातला, झाकणावरून कापडाची पट्टी चिकटवली आणि डबा माझ्या खोलीच्या माळ्यावर, पत्र्याखाली, अक्कांच्या वाळवणाच्या, बिबड्या-कुरडयांच्या डब्यांशेजारी नेऊन ठेवला. आमच्याकडे वर्षाचं धान्य असंच ठेवतात. खडखडीत कोरडं, बंद, आणि गरज पडल्याखेरीज हात लावायचा नाही. माळ्यावर भट्टीसारखं तापे, म्हणून तर अक्कांच्या बिबड्यांना कधी बुरा आला नाही. मला ती व्यवस्था उत्तम वाटली. त्या पाल्याचंही मला कौतुक वाटलं होतं.

मध्ये दोन-तीन उन्हाळे गेले. त्या काळात ज्यांचे फोटो मागायला लोक आले, ती माणसं नव्या लग्नांत जेवलेली होती. ते फोटो खालच्या मशीनमध्येच सापडले. डबा उघडायची वेळ आली नाही.

मग एका सकाळी सातपुड्याकडच्या एका खेड्यातून एक बाई आली. बरोबर सुरतेला दिलेली तिची मुलगी होती. बाईचा नवरा काही दिवसांपूर्वी वारला होता आणि दुसऱ्या दिवशी गंधमुक्ती होती.

"आबा, आमना घरना फोटो तुमनापान शे म्हनतस," बाई म्हणाली. "पाटीलसनी पोरना लगनमा त्या पंगतमा बठेल व्हतात."

आबांनी लग्न लगेच ओळखलं. त्या माणसाने पिवळी टोपी घातली होती हेही त्यांना आठवत होतं. आम्ही माळ्यावरून डबा काढला. पट्टी जशीच्या तशी होती, पाला कुरकुरीत होता. पहिली एसएसडी लावली, तर कॉम्प्युटरने तिची दखलच घेतली नाही. दुसरी लागली. फोल्डरांची नावं दिसली. आबांनी पाटलांचं लग्न उघडलं आणि पंगतीचा पहिला फोटो वरून खाली येऊ लागला. मांडव आला, दिवे आले, आणि मग खाली सगळं राखाडी. दुसरा पूर्णच राखाडी. तिसरा चांगला निघाला, पण त्यात भलताच माणूस होता. आबा एकेक उघडत गेले. त्यांच्या मानेवर घाम आला होता, कूलर चालू असूनही.

पिवळी टोपी सापडली. टोपी, कपाळ, भुवया, डोळे. नाकाच्या शेंड्यापासून खाली राखाडी.

आबांनी खुर्ची मागे सरकवली. मी त्यांना कधी कुणाला नाही म्हणताना ऐकलं नव्हतं. "फोटो व्हता, बाई," ते म्हणाले. "मी जपी ठेवा व्हता. आते अर्धाच शे."

मुलगी हुशार होती. तिने स्क्रीनचाच मोबाइलवर फोटो घेतला आणि कुठल्याशा ॲपमधून चेहऱ्याचा खालचा भाग तयार करून घेतला. भरघोस मिशी, व्यवस्थित हनुवटी आणि मंद हसू. खरं सांगायचं तर सुरेख झाला होता. तिने तो आईपुढे धरला.

"हाऊ कोन शे?" बाईने विचारलं.

"बापू शे ना, माय."

"तुना बाप असा हसे का?"

मुलीने मोबाइल खाली घेतला. बाई उठून स्क्रीनजवळ गेली आणि वाकून पाहत राहिली. मग आबांकडे वळली. "हाईच द्या. ह्या डोया त्यासनाच शेतस. बठ्ठा वळखतीन." डोळे त्याचेच आहेत, सगळे ओळखतील, एवढं तिला पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी मी आबांना मोटारसायकलवर घेऊन त्या गावाला गेलो. अर्धा फोटो त्यांनी मागे निळा पडदा न टाकता, काही न झाकता चौकटीत बसवला होता आणि वाटभर पोटाशी धरून ठेवला होता. पाटावर तो ठेवला, हार घातला. राखाडीवरून हार आला. लोक येऊन नमस्कार करत होते आणि कुणी काही विचारत नव्हतं. आबा मांडवाच्या खांबाला टेकून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. मला त्यांची फार दया आली. त्यांना ती आवडली नसती, म्हणून मी तिथून उठून मोटारसायकलपाशी गेलो.

निघताना तो उपरणंवाला दणकट म्हातारा आमच्याकडे आला. त्या घरचा तो सोयरा होता. त्याने उपरणं खांद्यावर टाकलं आणि आबांसमोर ताठ उभा राहिला. "आबा, मना बी एक काढी ठेवा," तो म्हणाला. "पन पुरा ऱ्हाऊ द्या." आबांनी कॅमेरा आणला नव्हता. माझ्या मोबाइलवर काढला. मुंडी वर, असं त्याला सांगावं लागलं नाही.

जळगावच्या सेठला आबांनी तिथूनच फोन लावला. आवाज मोठा ठेवल्यामुळे मला सगळं ऐकू आलं. सेठ आधी वैतागला. "आबा, मला वाटलं तुम्ही मशीनमध्ये लावून ठेवाल. डब्यात भरून पत्र्याखाली कोण ठेवतं? हिच्यात जे असतं ते विजेवर टिकतं. नुसती पडून राहिली आणि वरून असा उन्हाळा, तर विसरायला लागते. थंड जागी ठेवायची, अन् अधूनमधून लावून सगळं एकदा उघडून बघायचं."

"अधूनमधून म्हणजे कवा?"

"वर्षातून एकदा-दोनदा तरी. तुम्हाला आठवणीत राहील असा दिवस धरा."

आबांनी बोटांवर महिने मोजले. "आखाजीला धरतो," ते म्हणाले. "अन् एकदा पितृपक्षात."

पुढे मी नोकरी बदलून जळगावला आलो. सेठने आबांना पहिलीच्या बदल्यात नवी डबी दिली. दुसरीतून जेवढं वाचलं तेवढं दोन्हींत भरलं गेलं, आणि आता एक आबांकडे असते, एक सेठच्या दुकानात. गेल्या आखाजीला आबांनी मला जेवायला बोलावलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया; त्या दिवशी आमच्याकडे पितरांची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आंबरस-पोळीचा नैवेद्य दाखवतात आणि गेलेल्यांची नावं घेतात. अक्कांनी घागर भरली होती. आबांनी स्टुडिओतला कूलर बंद करून टाकला होता, ओलावा नको म्हणून. त्या उकाड्यात आम्ही तिघं घामाने निथळत कॉम्प्युटरसमोर बसलो आणि आबांनी पंगती उघडायला सुरुवात केली. घास तोंडात धरलेली, दचकलेली, चिडलेली माणसं एकामागून एक येत होती. जे गेले होते त्यांचं नाव आबा मोठ्याने घेत. राखाडी फोटोही त्यांनी पुसलेले नव्हते. तसा एखादा आला की ते थांबत, कुणाच्या लग्नातला, कुठल्या बाजूची पंगत, शेजारी कोण, असं जुळवत, आणि तिथे बसलेल्याचं नाव घेऊन पुढे जात. मी मोजले नाहीत, पण एकही सुटत नव्हता.

मग एक पूर्ण राखाडी फोटो आला आणि आबांना नाव आठवेना. मागचा पाहिला, पुढचा पाहिला. अक्कांना विचारलं, मला विचारलं. मी कुठून सांगणार? ते पडद्याकडे बघत राहिले. त्यात काहीही नव्हतं. बऱ्याच वेळाने ते उठून आत गेले. मला वाटलं, पाणी प्यायला गेले असतील. ते आले ते एक लहान मडकं घेऊन. ते त्यांनी माठातल्या पाण्याने भरलं, वर एक आंबा ठेवला आणि घागरीशेजारी मांडलं.

"आता ही घागर कोणाची?" अक्कांनी विचारलं.

"आठवलं की सांगतो," आबा म्हणाले, आणि पुन्हा येऊन त्या फोटोसमोर बसले.